चित्रपुस्तक की सचित्र गोष्ट?

पक्षी बघायचं वेड लागलं की कधी ना कधी पोरांसाठी पुस्तक काढावंसं वाटतंच. आमच्या गटातल्या एका काकांना ते सुगरणीपायी वाटलं. निवृत्तीनंतरचे तीन पावसाळे त्यांनी गावाबाहेरच्या विहिरीवर, वाकलेल्या बाभळीसमोर दुर्बीण घेऊन काढले आणि मग माझ्या हातात दहा पानी हस्तलिखित ठेवलं. वर लिहिलं होतं ‘चित्रपुस्तक’. मजकूर झकास होता, पण ते चित्रपुस्तक नव्हतं. ती सचित्र गोष्ट होती.

‘‘अहो, चित्रं घातली की झालं ना चित्रपुस्तक!’’ काका म्हणाले.

नाही होत. सचित्र गोष्ट शब्दांवर चालते, चित्रं सोबतीला असतात. चित्रांवर हात ठेवून वाचा, गोष्ट कळते. चित्रपुस्तकात अर्धी गोष्ट शब्दांत नसतेच. तिथे हात ठेवला तर वाचणारा चाचपडतो.

काकांचंच एक वाक्य घ्या. ‘पिवळ्या डोक्याच्या नराने उसाच्या पानाची लांब पट्टी चोचीने फाडली आणि तो घरट्याकडे उडाला.’ सचित्र गोष्टीत हे हवंच. चित्रपुस्तकात मात्र पिवळं डोकं, ऊस, पट्टी, सगळं समोर दिसत असतं. मग शब्दांना उरतं एवढंच: ‘आणखी एक. अजून एक.’

खरी गंमत पुढे आहे. नाव सुगरण, म्हणजे बाईचं, पण घरटं विणतो तो नर. अर्धं विणून झालं की मादी पाहायला येते. पसंत पडलं तर पुढे खालच्या नळीचं काम, नाही तर घरटं तसंच लटकत राहतं. काकांनी हे एका परिच्छेदात नीट समजावून सांगितलं होतं. सचित्र गोष्टीत ते शोभतं. चित्रपुस्तकात मजकूर भाबडेपणाने ‘सुगरण विणते, विणते’ असं म्हणत राहील आणि चित्रात राबताना दिसेल नर. चिमणीसारखी तपकिरी मादी निवांत फांदीवर. चार-पाच पानांनंतर मांडीवरचं पोर ओरडणारच, ‘‘आई, ती कुठे विणतेय?’’ मोठ्यांच्या आधी पोराला कळावं म्हणून तर हा खटाटोप. छंदिष्ट माणसाला हेच जड जातं. माहिती जमवायला तीन वर्षं लागलेली असतात, ती गिळून कशी टाकायची?

स्वतः छापणाऱ्याला फरक खिशातही जाणवतो. मधोमध पिना मारलेल्या पुस्तकाची पानं ४च्या पटीत लागतात. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं, म्हणजे १६ पानी दोन फर्मे (फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेली पानं). शीर्षक, श्रेयनामावली, शेवटचं पान वजा केलं की गोष्टीला साधारण १४ जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, उरतात, आणि ती सगळी चार रंगांत. सचित्र गोष्टीला काळ्या शाईतली रेखाचित्रं चालतात, रंग मुखपृष्ठापुरता. थोड्याच प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई बरी, कारण ऑफसेटला लागतात तशा छपाईच्या प्लेटा बनवायचा खर्च नाही. पण प्रती वाढवल्या म्हणून दर ऑफसेटसारखा उतरत नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दोन्हींना सारखाच. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून तो फुकट मिळतो, त्यासाठी कुणा मध्यस्थाला पैसे मोजू नका.

चित्रकाराशी करार मात्र लेखीच करा. प्रताधिकार कायदा १९५७ नुसार हक्क लेखी दिल्याशिवाय हस्तांतरित होत नाहीत. करारात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. न्यू जर्सीतल्या नातवंडांच्या शाळेत पुस्तक विकायचा बेत असेल तर ती एक ओळ विसरू नका. आणि चित्रपुस्तक असेल तर चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर, लेखकाइतक्याच ठळक अक्षरांत. अर्धी गोष्ट त्याने सांगितलेली असते.

काकांनी शेवटी दोन्ही करायची ठरवली. मोठ्या मुलांसाठी ४८ पानी सचित्र गोष्ट, काळ्या शाईत. आणि पाच वर्षांच्या नातीसाठी ए-फोरचे ८ कागद मधोमध दुमडून, पिना मारून ३२ पानांची कच्ची वही केली. परवा ती दाखवायला आले होते. सातव्या जोडपानावर मादी अर्धवट घरट्यात डोकावते आणि उडून जाते. तिथे आधी चार ओळी होत्या. काकांनी त्या खोडरबराने पुसल्या होत्या, कागद थोडा खरवडला होता.