कोरडवाहू रानात आंतरपीक आणि फेरपालट यांची सांगड

बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडे भातखाचरे तुडुंब भरलेली असतात, त्याच वेळी अथणीच्या पूर्वेकडील गावांत किंवा रामदुर्ग, सौंदत्तीकडे मृगाचा पेरा एका सरीसाठी खोळंबलेला असतो. अशा कोरडवाहू भागासाठी बाजरी, ज्वारी, तूर व मूग यांचे बियाणे आमच्याकडून नेणाऱ्या शेतकऱ्यांकरिता ही माहिती देत आहोत.

पुष्कळ शेतकरी आंतरपीक घेतात, पण त्याच रानात वर्षानुवर्षे तीच जोडी पेरतात. काही जण फेरपालट करतात, म्हणजे दर वर्षी पीक बदलतात, मात्र एका हंगामात रानभर एकच पीक घेतात, सोबत आंतरपीक घेत नाहीत. आमच्या मते या दोन्ही गोष्टी एकत्र केल्यासच पुरता लाभ होतो. तुरीच्या मुळांवरील गाठींत स्थिर होणारे नत्र शेजारच्या बाजरीला त्याच हंगामात फार थोडे मिळते. पाला गळून आणि मुळे कुजून त्याचा खरा उपयोग पुढच्या पिकाला होतो, आणि ते पुढचे पीक तृणधान्याचे असेल तरच ही बचत खताच्या खर्चात दिसते.

मध्यम जमिनीत बाजरीच्या दोन ओळींना तुरीची एक ओळ ठेवावी. तीन दातांच्या तिफणीने पेरताना मधल्या दाताचे चाड्यातील (बी सोडायच्या वाडग्यातील) छिद्र चिंधीने बुजवून त्या दातामागे स्वतंत्र नळीने तूर सोडल्यास हे प्रमाण आपोआप साधते. एकरी बाजरी एक ते सव्वा किलो आणि तूर सुमारे २ किलो पुरते. तूर सुरुवातीचे दीड-दोन महिने हळू वाढते, तोवर बाजरी पोसते. ८० ते ९० दिवसांत बाजरी निघाली की परतीच्या पावसाची ओल तुरीला मिळते. पाऊस मध्येच ओढला तरी दोन्ही पिके एकदम हातची जात नाहीत.

भारी काळ्या जमिनीत मृगाला मूग घ्यावा. तो ६० ते ६५ दिवसांत निघतो, आणि शेंगा तोडल्यावर झाडे जमिनीत गाडून सप्टेंबरच्या उत्तरार्धात शाळू (रब्बी ज्वारी) पेरता येतो. हलक्या किंवा उथळ जमिनीत मात्र हा बेत करू नये, कारण मूग ओल ओढून घेतो आणि शाळूला काही उरत नाही.

तुरीच्या मर रोगाची (झाड वाळून मरते त्या रोगाची) बुरशी जमिनीत अनेक वर्षे टिकते. म्हणून ज्या रानात तूर मरते, तेथे पुढची दोन-तीन वर्षे तूर टाळून ज्वारी-बाजरी घ्यावी. ज्वारीबरोबरच्या तुरीत मर सलग तुरीपेक्षा कमी आढळते, हेही लक्षात ठेवावे.

सलग ज्वारीत तणासाठी ॲट्राझीन हे तणनाशक फवारण्याची सवय असलेल्यांनी आंतरपीक असताना ते अजिबात वापरू नये, कारण त्याने कडधान्य जळते. अशा रानात वेळेवर कोळपणी आणि एक खुरपणी हाच खात्रीचा उपाय आहे. युरियाही फक्त तृणधान्याच्या ओळीलगत द्यावा. नत्र जास्त झाले की कडधान्याच्या गाठी कमी धरतात. आमचे युरियाचे एखादे पोते कमी खपले तरी चालेल.

कडधान्याच्या बियाण्याला आधी बुरशीनाशक आणि नंतर रायझोबियम (गाठींत नत्र स्थिर करणारे जिवाणू) चोळून ते सावलीत वाळवावे. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट पुरते. तूर व मुगाचे पाकीट हरभऱ्याला चालत नाही, त्यामुळे मागताना पिकाचे नाव सांगावे, वापरण्याची अंतिम तारीख पाहावी आणि पाकीट उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये. पेरणीनंतर महिन्याभराने दोन-चार झाडे मातीसकट खणून गाठी नखाने फोडाव्यात. आत गुलाबी रंग दिसला तर जिवाणू काम करत आहेत. पांढऱ्या किंवा हिरवट दिसल्यास ते झाड आमच्याकडे घेऊन यावे. बियाणे रयत संपर्क केंद्रातून (कर्नाटक कृषी खात्याच्या केंद्रातून) सवलतीत घेतलेले असले, तरी आम्ही ते झाड पाहून सांगू.