खुलासा : निर्धूर चूल नाकारणारे ‘अडाणी’ होते का?

‘खेड्यातल्या लोकांना नवं काही नकोच असतं, फुकट दिलेली निर्धूर चूलसुद्धा त्यांनी वापरली नाही,’ असं बरेचदा फिरवलं जातं. वरवर पटतंही.

१९८०च्या दशकात सरकारी योजनेतून देशभर अशा सुधारित, म्हणजे धूर धुराड्यातून बाहेर सोडणाऱ्या चुली बसवल्या गेल्या आणि पुढे त्यातल्या पुष्कळ बंद पडल्या, हे खरंच. पण कारण पाहायचं तर भाकरी करून बघा. तव्यावर भाजलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी, आरावर उभी धरून फुगवतात. अरुंद तोंडाच्या चुलीत ते साधत नाही. कापसाच्या लांब पऱ्हाट्या, ढणाढणा जळणारी फांदी आत जात नाही; बारीक फोडायचं काम पुन्हा बाईकडेच. धुराड्यात काजळी साचली की धूर परत घरात!

याच घरांत मोबाइल मात्र झपाट्याने आला. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, मिस्ड कॉलने निरोप पोचू लागला, आणि वापरायला शिकवणारा पोरगा घरातच होता.

खात्री करायची असेल तर वस्तू कितींना वाटली हे विचारू नका. वर्षभराने ती वापरात आहे का ते बघा, आणि बंद असेल तर ज्या बाईने ती वापरली तिलाच कारण विचारा.