कृष्णविवराभोवतीचं चुंबकीय क्षेत्र दिसतं कसं?

हिवाळ्यात दुपारी तीनच्या सुमारास ठाण्याच्या तलावपाळीवर उन्हाकडे तोंड करून उभे राहा आणि पोलरॉइड गॉगल लावून मासुंद्याच्या पाण्याकडे बघा. डोळे दिपवणारी चकाकी जवळजवळ नाहीशी होते, खालचं हिरवट पाणी दिसू लागतं. गॉगल काढून त्याची काच डोळ्यासमोर उभी धरली की चकाकी परत. सूर्यप्रकाशाच्या लहरी सगळ्या दिशांना कंप पावतात; पण सूर्य क्षितिजापासून साधारण 37 अंशांवर असताना पाण्यावरून परतलेल्या लहरींचं कंपन जवळपास सगळं आडवं असतं. हेच ध्रुवीकरण. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही, पण प्रकाश कुठून आणि कसा आला याची खूण त्यात असते.

एम87 या दीर्घिकेतल्या महाकाय कृष्णविवराचं चित्र 10 एप्रिल 2019 रोजी प्रसिद्ध झालं. ते नारिंगी कडं सगळ्यांनी पाहिलं. माझ्या मते त्याहून मोलाचं चित्र 24 मार्च 2021 ला आलं. निरीक्षणं तीच, इव्हेंट होरायझन टेलिस्कोपने, म्हणजे जगभरातल्या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने, एप्रिल 2017 मध्ये घेतलेली, पण आता कड्यावर भोवऱ्यासारख्या वळत गेलेल्या रेषा होत्या. कृष्णविवराभोवतीच्या तापलेल्या वायूत इलेक्ट्रॉन चुंबकीय बलरेषांभोवती गिरक्या घेतात आणि रेडिओ लहरी सोडतात. त्या लहरींचं कंपन बलरेषांना काटकोनात असतं. म्हणजे कंपनाची दिशा मोजली की चुंबकीय क्षेत्राची दिशा हाती येते. नुसत्या तेजावरून ती कधीच कळली नसती.

मग दोन वर्षं का लागली? प्रत्येक दुर्बीण एका दिशेच्या ध्रुवीकरणाचा थोडा अंश दुसऱ्यात मिसळते. ही गळती दुर्बिणीगणिक वेगळी, आणि ती वजा केल्याशिवाय आकाशातली खूण कुठली आणि यंत्राची कुठली हे सांगता येत नाही. शिवाय वाटेतला विद्युतभारित वायू कंपनाची दिशा फिरवतो. तरंगलांबी जितकी कमी, तितकं हे फिरणं कमी, या दुर्बिणी पकडतात ती 1.3 मिलिमीटरची लहर म्हणूनही कामाची.

एम87 मधल्या क्षेत्राची ताकद निघाली 1 ते 30 गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक). पृथ्वीचं साधारण अर्धा गॉस असतं, आणि फ्रीजवर चिकटवायच्या चुंबकाचं याहून जास्त! पण 650 कोटी सूर्यांच्या वस्तुमानाच्या या कृष्णविवराभोवतीचा वायू इतका विरळ आहे की तेवढं क्षेत्रही त्याला अडवू शकतं. आत पडणारा काही वायू थोपवला जातो, आणि कृष्णविवराजवळून सुटून हजारो प्रकाशवर्षं लांब जाणाऱ्या कणांच्या झोताला ऊर्जा मिळण्यामागेही हेच क्षेत्र असावं. क्षेत्र दुबळं असून वायूबरोबर नुसतं फरफटतं, असं मानणारी गणितं या मोजमापांपुढे मागे पडली.

मार्च 2024 मध्ये आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्या, 40 लाख सूर्यांच्या वस्तुमानाच्या सॅजिटेरियस ए* या कृष्णविवराचंही असंच चित्र आलं. वस्तुमानात सोळाशे पटींचा फरक, तरी रेषांची वळणं तशीच.

त्यानंतरचा निष्कर्ष मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. 2017, 2018 आणि 2021 ची एम87 ची निरीक्षणं 2025 मध्ये शेजारी ठेवली गेली. कड्याचा आकार तोच, आईनस्टाईनच्या सिद्धांतानुसार असायला हवा तसाच. ध्रुवीकरणाच्या रेषा मात्र 2017 मध्ये एका बाजूला वळलेल्या होत्या, 2021 मध्ये उलट्या. क्षेत्राची रचनाच बदलली की मधल्या वायूने दिशा फिरवली, की दोन्ही, हे पुढची निरीक्षणं ठरवतील. 2021 च्या मोहिमेत ॲरिझोनातली किट पीक आणि फ्रान्समधली नोएमा या दुर्बिणीही जोडल्या गेल्या होत्या, आणि त्यांच्यामुळे झोताच्या बुडाशी असलेल्या क्षीण प्रकाशाचाही अंदाज बांधता आला.