प्रेअरीतील दुष्काळाची पूर्वतयारी

कॅनडातील अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा या प्रांतांच्या दक्षिण भागातील प्रेअरीत, म्हणजे सपाट गवताळ प्रदेशात, कोरडवाहू शेतीसाठी पाणी धरून ठेवण्याच्या रीती. जॉन पॅलिसरच्या मोहिमेने (१८५७–६०) यातला सर्वांत कोरडा पट्टा शेतीला अयोग्य ठरवला होता; ‘पॅलिसरचा त्रिकोण’ हे त्याचे नाव आजही रूढ आहे. पाऊस आणि बर्फ मिळून इथे वर्षाला जेमतेम ३०० ते ४०० मिमी पाणी मिळते.

दुष्काळाची तयारी सुगी संपताच सुरू होते. गहू बुडातून न कापता उंच कापतात आणि धसकटे उभी ठेवतात. त्यांत वाऱ्यावरचे बर्फ अडकते. मोकळ्या रानातले बर्फ उडून बांधाला आणि चरात जाते. वसंतात मात्र खालची जमीन गोठलेलीच असल्याने वितळलेले पाणी मुरण्याऐवजी बरेचसे वाहून जाते. हेच वाहते पाणी शेततळ्यात घेतात. तळे चार ते सहा मीटर खोल खणतात, कारण वरचा थर हिवाळ्यात गोठतो आणि उन्हाळ्यात बाष्पीभवनही होते. दोन वर्षे पुरेल इतका साठा हवा, असा संकेत आहे. एक हिवाळा बर्फाविना गेला तर तळे भरत नाही, म्हणून हा संकेत पाळणेच शहाणपणाचे. आटत्या तळ्यात क्षार वाढतात. ते पाणी तपासल्याशिवाय गुरांना पाजू नये.

पूर्वी ओल साठवण्यासाठी एक हंगाम जमीन पड ठेवून वारंवार नांगरत. त्या हंगामातल्या पाण्याचा लहानसा हिस्साच जमिनीत उरे, आणि १९३०च्या दशकात ही उघडी माती वाऱ्याने उडाली. १९३५ साली केंद्र सरकारने प्रेअरी शेती पुनर्वसनाचा कायदा केला. त्याच काळात अल्बर्टातील चार्ल्स नोबल यांनी वखराच्या पाशीसारखे रुंद पाते बनवले. ते जमिनीखालून तणांची मुळे कापते, धसकटे वर उभीच राहतात. पुढे विनानांगरणी पेरणी रुळली. पडीऐवजी मसूर, वाटाणा आला. भारतात आयात होणारी बरीच मसूर इथलीच असते.

सस्कॅचेवानमधील इंडियन हेड गावच्या सरकारी रोपवाटिकेने १९०१ पासून वारा अडवणाऱ्या झाडांची कोट्यवधी रोपे वाटली. तो कार्यक्रम २०१३ मध्ये बंद झाला. मोठ्या यंत्रांना अडथळा नको म्हणून जुन्या रांगाही अनेकांनी उपटल्या. ही मोठीच हानी आहे, कारण अशी रांग उभी व्हायला दशके लागतात.

परसबागेतही कॅरागाना या काटक झुडपाचे कुंपण बर्फ अडवते. ते वाफ्याला खेटून लावू नये. साचलेले बर्फ उशिरा वितळते आणि आधीच तोकडा असलेला, सुमारे शंभर-सव्वाशे दिवसांचा हिमदंशमुक्त हंगाम आणखी आखडतो. काडाचे आच्छादनही माती उबदार झाल्यावर, जूनमध्ये घालावे. स्प्रूससारख्या सदाहरित झाडांना जमीन गोठण्यापूर्वी शरदात खोल पाणी द्यावे, कारण हिवाळी वाऱ्यात त्यांच्या पानांतली ओल जात राहते आणि गोठलेल्या मुळांना ती भरून काढता येत नाही.