शेजारच्या खोलीतील फाइल

खानदेशातील एखाद्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागात तापी खोऱ्याच्या उपग्रहचित्रांची 4 जीबीची फाइल एका संगणकावर आहे आणि ती भिंतीपलीकडच्या संगणकावर हवी आहे, अशी कल्पना करा. माझ्या पाहण्यातील बहुतेक विद्यार्थी ती आधी गुगल ड्राइव्हवर चढवतात आणि मग शेजारच्या संगणकावर उतरवून घेतात. म्हणजे दहा पावलांवर जायची वस्तू गावाबाहेरच्या डेटा सेंटरपर्यंत जाऊन परत येते. 4 जीबी म्हणजे 3200 कोटी बिट. महाविद्यालयाची इंटरनेट जोडणी 100 एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला 10 कोटी बिट नेणारी, असेल आणि ती संपूर्ण एकाच विद्यार्थ्याला मिळाली, तरी जायला 320 सेकंद आणि यायला तितकेच सेकंद लागतील. प्रत्यक्षात ती शेकडो जणांत वाटलेली असते. याउलट इमारतीच्या आतील लॅनचा, म्हणजे तिथले संगणक एकमेकांना जोडणाऱ्या जाळ्याचा, वेग आज सहसा 1 जीबीपीएस, म्हणजे त्याच्या दहापट, असतो आणि त्या वायरीवरून हीच फाइल, संगणकाची डिस्क तेवढी चपळ असेल तर, अर्ध्या मिनिटात पोचते. ही सोय प्रत्येक कम्प्युटर लॅबमध्ये आधीपासून असूनही ती वापरली जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

फाइल वायरीवरून अखंड जात नाही. तिचे साधारण दीड हजार बाइटांचे तुकडे पडतात. आपल्या 4 जीबीच्या फाइलचे असे सुमारे 27 लाख तुकडे होतील. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा 48 बिटांचा पत्ता असतो. सर्व वायरी जिथे एकत्र येतात तो स्विच, कोणत्या भोकात कोणता पत्ता आहे हे येणाऱ्या तुकड्यांवरूनच शिकत जातो आणि पुढचा तुकडा नेमक्या त्याच वायरीत सोडतो. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीचे सिंचन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे काम ओळखीचे वाटेल: पाटकरी ज्याची पाळी असेल त्याच शेताकडे पाणी वळवतो. फरक इतकाच, की स्विचला पाळी लावावी लागत नाही. पहिला संगणक दुसऱ्याशी बोलत असताना तिसरा चौथ्याशी पूर्ण वेगाने बोलू शकतो. पूर्वी असे नव्हते. बॉब मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात 1973 साली इथरनेट, म्हणजे वायरीने संगणक जोडण्याची हीच पद्धत, उभारले, तेव्हा सर्व संगणक एकाच केबलला जोडलेले होते, तिचा वेग 2.94 एमबीपीएस होता, आणि दोघे एकाच वेळी बोलले की संदेशांची टक्कर होऊन दोघांनाही पुन्हा पाठवावे लागे. वायफायवर आजही हवा सर्वांना सामाईक असते. म्हणून मोठ्या फाइलसाठी शक्य तेव्हा वायर लावावी.

तुकडे पोचवणे झाले, पण फाइल मागायची कशी, याची भाषा वेगळी ठरवावी लागते. त्यातील सर्वांत जुन्या भाषांपैकी एक म्हणजे एफटीपी. तिचा पहिला आराखडा एप्रिल 1971 मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर, आणि त्या वेळी अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. एफटीपीने फाइलची पूर्ण प्रत आपल्याकडे येते. पुढे 1980 च्या दशकात सन मायक्रोसिस्टिम्सची एनएफएस आणि आयबीएममध्ये जन्मलेली, नंतर मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी वाढवलेली एसएमबी, या दोन भाषांनी एक मोठे पाऊल टाकले: फाइल तिच्या जागीच राहते आणि आपण ती दुरून उघडतो, जणू ती आपल्याच डिस्कवर आहे. विंडोजमध्ये फोल्डरवर उजवी क्लिक करून आपण ते शेअर करतो, तेव्हा एसएमबीच काम करत असते. दोघांनी एकच फाइल एकाच वेळी लिहायला घेतली तर एकाचे लिखाण दुसऱ्यामुळे पुसले जाऊ नये, म्हणून फाइलला तात्पुरते कुलूप लावण्याची व्यवस्थाही तीत आहे. 1991 च्या अखेरीस कॅनबेराच्या विद्यापीठात शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी वायरीवरून जाणारे संदेश न्याहाळत न्याहाळत ही भाषा उलगडली आणि तिच्यात उत्तरे देणारा प्रोग्राम लिहिला. पुढे शब्दसंग्रहात एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने येणारा शब्द शोधून त्याला सांबा हे नाव दिले गेले. लिनक्स या मोफत कार्यप्रणालीवर चालणारा जुना संगणक विंडोजच्या लॅबसाठी सर्व्हर, म्हणजे सर्वांना फाइली पुरवणारा संगणक, होऊ शकतो तो सांबामुळे, आणि तोही विनामूल्य.

एकाच सर्व्हरवरून 60 विद्यार्थ्यांनी ती 4 जीबीची फाइल एकदम मागितली, तर मात्र सर्व्हरची 1 जीबीपीएसची वायर साठ ठिकाणी विभागली जाऊन प्रत्येकाला अर्ध्या तासाहून अधिक थांबावे लागेल. यावर ब्रॅम कोहेन यांनी 2001 मध्ये लिहिलेल्या बिटटोरेंटचा उपाय सुंदर आहे: फाइलचे खंड पाडायचे, प्रत्येकाला वेगळा खंड द्यायचा आणि ज्याला जो मिळाला तो त्याने इतरांना द्यायचा, म्हणजे घेणारे जितके वाढतील तितके देणारेही वाढतात. प्रत्येक खंडाची गणिती ओळख आधीच ठरलेली असल्यामुळे वाटेत बिघडलेला खंड लगेच पकडला जातो. हे तंत्र चित्रपटांच्या अनधिकृत प्रतींमुळे बदनाम झाले, पण त्यात तंत्राचा दोष नाही.

शेअर केलेले फोल्डर सर्वांना लिहिण्यासाठी उघडे ठेवणे ही सर्वांत मोठी चूक, आणि मी एका लॅबमध्ये तिचे परिणाम पाहिले आहेत: कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून आलेला व्हायरस त्या फोल्डरात शिरला आणि दुपारपर्यंत सगळ्या संगणकांवर पोचला. 12 मे 2017 रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामने एसएमबीच्या पहिल्या, जुनाट आवृत्तीतील दोषाचा फायदा घेऊन सुमारे 150 देशांतील संगणक कुलूपबंद केले. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, पण अनेकांनी ती बसवली नव्हती. म्हणून जुनी आवृत्ती बंद असावी, विद्यार्थ्यांना वाचण्यापुरतीच परवानगी असावी आणि काम जमा करण्यासाठी प्रत्येकाचे स्वतंत्र फोल्डर असावे.

आपल्याकडे उन्हाळ्यात वीज जाते आणि नव्वद टक्के झालेली कॉपी वाया जाते, ही तक्रारही खरी आहे. तिच्यासाठी ट्रिजेल यांनीच पॉल मॅकेरस यांच्यासह 1996 मध्ये आरसिंक हा प्रोग्राम दिला. अर्धवट आलेला भाग जपून ठेवण्याचा पर्याय त्यात निवडला, की वीज आल्यावर घेणारा संगणक आपल्याकडील तुकड्यांच्या छोट्या गणिती खुणा पाठवतो, देणारा त्या आपल्या फाइलशी जुळवून पाहतो, आणि जे जुळत नाही तेवढेच वायरीवरून निघते.