शेवटचीच गोळी का चुकते?

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ला नेमबाज स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेमबाजी) कांस्यपदक जिंकलं आणि पोलादी मन, थंड डोकं अशा विशेषणांचा पाऊस पडला. कौतुक रास्तच आहे. पण त्यातून निघणारा उलटा अर्थ चुकीचा आहे: ऐन वेळी चुकला तो मनाचा कच्चा.

याच प्रकारातला अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स बघा. अथेन्स २००४मध्ये एक गोळी शिल्लक असताना तो तीन गुणांनी पुढे होता. गोळी सुटली आणि लागली शेजारच्या लेनच्या टार्गेटला. शून्य गुण, थेट आठवा क्रमांक. बीजिंग २००८मध्ये पुन्हा शेवटच्या गोळीला तोच आघाडीवर होता. सुवर्णासाठी ६.७ पुरेसे होते, मिळाले ४.४. हाती आला चौथा क्रमांक. याच माणसाने अथेन्समध्येच दोन दिवस आधी प्रोन (झोपून नेमबाजी) प्रकारात सुवर्ण जिंकलं होतं, म्हणजे कच्चेपणाचा प्रश्नच नाही.

४.४ ही केवढी चूक? दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि पुढे प्रत्येक गुणामागे गोळी आठ मिलिमीटर बाहेर जाते. म्हणजे ती केंद्रापासून साधारण पाच सेंटीमीटरवर पडली. पन्नास मीटरच्या अंतरात एवढं चुकायला रायफलीवरची पुढची आणि मागची साइट (नेम धरायची खूण) यांच्यातली रेषा मीटरभर लांबीत जेमतेम एक मिलिमीटर कलली तरी पुरतं.

तो मिलिमीटर येतो कुठून? नवखा नेमबाज प्रत्येक पायरी मनात उच्चारत करतो: पाय रोव, गाल टेकव, श्वास अर्धा सोड, बोट हलकेच दाब. हजारो गोळ्यांनंतर या पायऱ्या एकमेकींत विरघळतात. लहान मेंदू आणि मेंदूच्या तळाशी असलेली बेसल गँग्लिया ही केंद्रं ती अख्खी हालचाल एकसंध चालवू लागतात, शब्द लागत नाहीत. दडपणाखाली मात्र ‘आता नीट कर हं’ म्हणत जाणीव मध्ये घुसते आणि एकसंध हालचालीचे पुन्हा सुटे तुकडे करते. तुकड्यांच्या प्रत्येक सांध्यावर उशीर होतो, घाई होते किंवा एखादा तुकडा चक्क गळतो. अथेन्समध्ये नेमकं हेच झालं. एमन्स एरवी साइटमधून आधी लेनचा नंबर बघायचा आणि मग रायफल खाली टार्गेटवर आणायचा. त्या वेळी तो स्वतःला शांत करण्यात गुंतला आणि नंबर बघायचा राहिला. बीजिंगमध्ये रायफल खाली येत असतानाच बोट ट्रिगरला लागलं. हा ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपासच्या दाबानेही सुटतो, आणि उत्तेजित शरीराला तेवढ्या दाबाचा अंदाज राहत नाही.

हे मेंदूच्या आलेखातही दिसतं. संशोधक ब्रॅड हॅटफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९८४मध्ये निष्णात नेमबाजांचे ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचे आलेख) घेतले. ट्रिगर दाबण्याआधीच्या काही सेकंदांत डाव्या कानाच्या वरच्या भागात अल्फा लहरी (सेकंदाला ८ ते १२) वाढत होत्या. अल्फा वाढल्या म्हणजे तो भाग स्वस्थ झाला. उजव्या बाजूला तसा बदल नव्हता. भाषेचं काम बहुतांशी डावीकडे चालतं. आतली बडबड थांबल्याची ही खूण, असं त्याचं वाचन केलं जातं.

दुसरी अडचण हृदयाची. ठोका रायफलीला आधार देणाऱ्या पट्ट्यातून आणि जॅकेटमधून रायफलीत उतरतो, म्हणून निष्णात नेमबाजांची गोळी बहुधा दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत सुटते. ठोके वाढले की ही फट आक्रसते. याच कारणाने नेमबाजीत ठोके मंदावणाऱ्या बीटा ब्लॉकर औषधांवर बंदी आहे. बीजिंगमध्ये उत्तर कोरियाच्या किम जाँग-सूची दोन पदकं प्रोप्रॅनोलॉल या अशाच औषधामुळे गेली. अर्थात औषध घेऊन हात स्थिर होईल, लेनचा नंबर कोण बघणार? खड्याच्या अंगठ्यांचं आणि दोन दिवसांत ‘चॅम्पियन माइंडसेट’ देणाऱ्या कार्यशाळांचं तर नावच नको.

उपाय कंटाळवाणे आहेत. पायऱ्यांचा क्रम लिहून ठरवायचा आणि ड्राय फायरिंगमध्येही (गोळी न भरता केलेल्या सरावातही) तोच पाळायचा. क्रम मोडला किंवा आठ-दहा सेकंदांत नेम बसला नाही, तर रायफल खाली घ्यायची. हीच पायरी दडपणाखाली सर्वांत आधी मोडते. मनातल्या सूचनांच्या जागी एकच शब्द ठेवायचा. सरावात दोरीवरच्या उड्यांनी ठोके वाढवायचे, गोंगाट लावायचा आणि ५० सेकंदांच्या घड्याळावर एकेक गोळी झाडायची. शिकवतानाही काळजी हवी. संशोधक रिच मास्टर्स यांच्या १९९२च्या गोल्फ पटिंगच्या (चेंडू हलकेच खळीत ढकलण्याच्या) प्रयोगात नियम न सांगता शिकवलेले नवखे दडपणाखालीही सुधारत राहिले. नियम घोकलेले मात्र अडखळले.

कारकीर्द लांबते तसं दडपण रूप बदलतं. बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रा शेवटच्या गोळीपूर्वी फिनलंडच्या हेन्री हक्किनेनशी बरोबरीत होता. त्याने १०.८ मारली, हक्किनेनने ९.७. त्या सुवर्णानंतर आलेल्या पोकळीबद्दल आणि नैराश्याबद्दल तो उघडपणे बोलला आहे: ज्यासाठी सगळं आयुष्य आखलं, ते हाती आल्यावर रोज रेंजवर जायचं कशासाठी? कुसाळेचा प्रश्न वेगळा होता. ऑलिंपिकची संधी वयाच्या २८व्या वर्षी आली. तोवर टिकायला राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी, दीपाली देशपांडेंसारखी ऑलिंपिक खेळलेली प्रशिक्षक आणि मध्य रेल्वेतली टीसीची नोकरी होती. प्रत्येक स्पर्धेवर घरभाडं अवलंबून नसलं, तर चुकलेली गोळी फक्त चुकलेली गोळीच राहते. निवड समित्या स्कोअरशीट बघतात, या आधाराचा रकाना तिथे नसतो.