गरोदरपणातले झिंक: आईचा विचार उशिराच झाला

१९५८ साली इराणमधल्या शिराझ शहरात डॉ. आनंद प्रसाद यांच्याकडे २१ वर्षांचा एक रुग्ण आला. दिसायला तो जेमतेम दहा वर्षांचा होता. वयात आल्याची एकही खूण अंगावर नव्हती, रक्त कमी होतं, जेवणात जवळपास नुसती रोटी आणि वर माती खायची सवय. प्रसाद मूळचे बिहारमधल्या बक्सरचे, शिकले पाटण्याला. झिंकच्या कमतरतेचा संशय त्यांनी १९६१ मध्ये मांडला आणि पुढे इजिप्तमधल्या अभ्यासातून तो पक्का केला. तोवर झिंक उंदरांना लागतं हे ठाऊक होतं, पण माणसाला ते कमी पडू शकेल यावर कुणाचा विश्वास नव्हता.

दोष रोटीकडे जात होता. कोंड्यासकट, खमीर न घालता भाजलेल्या रोटीतलं फायटेट (धान्याच्या कोंड्यात असणारं एक रसायन) झिंकला धरून ठेवतं आणि ते आतड्यातून शोषलं जात नाही. आपली भाकरीही बिनखमिराचीच. पण धान्य आंबवलं किंवा कडधान्याला मोड आणले की फायटेट घटतं, त्यामुळे आंबील आणि मोडाच्या उसळीचं पारडं इथे जड ठरतं.

शिराझ-इजिप्तचे ते रुग्ण सगळे पुरुष होते. बायकांमधली कमतरता नोंदली गेली ती कितीतरी नंतर. गर्भारपणाचा प्रश्न तर आधी उंदरिणींवर सुटला. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ल्युसिल हर्ली आणि हेलन स्वेनरटन यांनी गाभण उंदरिणींच्या खाण्यातून झिंक काढून टाकलं, तेव्हा पिल्लं व्यंग घेऊन जन्मली. आईच्या हाडांत झिंक असतं, पण गरजेच्या वेळी ते भराभर बाहेर येत नाही. म्हणजे साठा असूनही तिला रोजच्या खाण्यावरच अवलंबून राहावं लागतं. मला या सगळ्या इतिहासातला हाच शोध सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

माणसातला पुरावा एका दुर्मीळ आनुवंशिक त्वचारोगातून मिळाला. तान्ही मुलं आईच्या दुधावर असेपर्यंत ठीक असत. दूध तुटलं की तोंडाभोवती, हातापायांवर चट्टे, जुलाब, केस गळणं सुरू होई. १९७३ मध्ये लंडनच्या मॉयनाहन आणि बार्न्स यांनी दाखवलं की हा झिंकचाच अभाव आहे. दोनच वर्षांत, उपचारांपूर्वी हा रोग असलेल्या स्त्रियांच्या सात गर्भारपणांचा आढावा आला: एक गर्भपात, दोन बाळं सव्यंग.

दुधातलं झिंक सुरुवातीच्या आठवड्यांत भरपूर असतं आणि महिन्यांगणिक उतरत जातं. आईने गोळ्या घेतल्या तरी ही उतरंड फारशी बदलत नाही. उलट, स्तनपानाच्या काळात आईचं आतडं अन्नातून जास्त झिंक ओढून घेऊ लागतं. सहा महिन्यांनंतर मात्र बाळाला वरचं अन्न हवंच.

किती घ्यावं, याचे आकडे सरकत राहिले. अमेरिकेत १९७४ मध्ये गर्भवतीसाठी दिवसाला २० मिलिग्रॅम सांगितले गेले, आता ११. आपल्या आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्ये १२ वरून १४.५ केले. स्तनदा मातेसाठी १४.१. धान्यप्रधान जेवणातून शोषण कमी होतं, म्हणून आपला आकडा मोठा.

गोळ्यांबद्दलची आशा मात्र ओसरली. अकाली प्रसूती थोड्या कमी होतात, असं कॉक्रेन या संस्थेचे, अनेक चाचण्या एकत्र तपासणारे आढावे आधी सांगत. २०२१ च्या आढाव्यात फरक जवळजवळ नाहीसा झाला. जागतिक आरोग्य संघटनाही २०१६ पासून गर्भवतींना स्वतंत्र झिंक गोळी फक्त संशोधनापुरतीच द्या म्हणते.